हळवे, गरवे आणि घरातले हात

सिंधुदुर्गातील बहुतेक घरांप्रमाणे आमचीही भातशेती एका सलग तुकड्यात नाही. काही कुणगे, म्हणजे बांध घातलेले भाताचे लहान तुकडे, घरामागे उंचावर, भरडी जमिनीत आहेत, काही मधल्या उतारावर आणि उरलेले खाली ओहोळाच्या काठी, मळ्यात. भरडीवर पाणी थांबत नाही आणि मळ्यातले पाणी दिवाळी आली तरी पुरते ओसरत नाही. म्हणून वरच्या कुणग्यांत 100 ते 120 दिवसांत तयार होणारे हळवे भात, मधल्यांत निमगरवे आणि मळ्यात 135 दिवसांहून अधिक काळ घेणारे गरवे भात, अशी वाटणी आजीच्याही आधीपासून चालत आलेली होती.

शेतीच्या पुस्तिकांत या वाटणीचे कारण जमिनीचा उतार आणि पाण्याचा निचरा असे दिलेले असते आणि ते खरेच आहे. आजी मात्र आणखी एक कारण सांगत असे. "सगळा भात एकदम पिकला तर कापूचा कोणी?" असे ती विचारी. घरात हात किती आहेत, त्यांतले कापणीला बसू शकणारे किती, त्यांना एका कुणग्याला किती दिवस लागतील, हा हिशेब तिने जून महिन्यात, बियाणे निवडतानाच केलेला असे. हळवे भात कापून, झोडून घरात येईपर्यंत निमगरवे पिकायला लागे आणि ते आटोपले की मळ्याची पाळी येई. भाताची जात निवडणे म्हणजे घरातल्या माणसांचे वेळापत्रक ठरवणे होय, हे मला बऱ्याच उशिरा, नोकरीनिमित्त मुंबईला गेल्यानंतर आणि सुट्ट्या मोजून गावी येऊ लागल्यानंतर समजले.

हंगामाची सुरुवात बियाण्यापासून होते आणि हे काम पूर्वीपासून म्हाताऱ्या माणसांचे व मुलांचे आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस अशी, की 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि तळाशी बसलेले भरीव बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. आजीच्या काळी हेच काम सुपाने होत असे. मिठाचे पाणी आले तेव्हा तिने प्रथम नाक मुरडले आणि मग तरंगलेल्या दाण्यांचा ढीग पाहून दुसऱ्या वर्षीपासून स्वतःच मीठ काढून ठेवू लागली. तीन जातींचे बियाणे एकमेकांत मिसळू नये म्हणून त्या दिवसांत ओसरीवर कोणालाही भराभरा चालण्याची परवानगी नसे.

मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागले की काही जण कोरड्या मातीतच धूळवाफ पेरणी करतात. आमच्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडून जमीन भिजल्यावर दाढ, म्हणजे रोपवाटिका, पेरण्याचा प्रघात आहे. एक एकर लावणीला साधारण चार गुंठ्यांची दाढ पुरते. पेरणीला फार माणसे लागत नाहीत. काका बियाणे फेकतात, चुलत भाऊ मागून माती सारखी करतो आणि पाखरे हाकण्यासाठी एखादे मूल बसवले की झाले.

खरी परीक्षा लावणीची. तरवा, म्हणजे दाढीतले रोप, 21 ते 25 दिवसांचा झाला की तो उपटून लावावा लागतो. त्याहून जुना झाला तर फुटवे कमी येतात. पाऊस लांबला म्हणून तरवा थांबत नाही आणि तरवा तयार झाला म्हणून पाऊस येत नाही. शिवाय भरडीवरच्या कुणग्यांत चिखलणी करायची तर मुसळधार पाऊस चालू असतानाच करावी लागते, कारण सर थांबली की तासाभरात पाणी निथळून जाते. मळ्यात पाणी टिकते, पण तेथे उशीर केला तर रोपाची उंची कमी आणि पाणी जास्त अशी अवस्था होते. त्यामुळे आज वर जायचे की खाली, हा निर्णय रोज पहाटे आभाळ पाहून होतो. आमच्या घरी तो निर्णय पुरुषांपैकी कोणी घेत नाही, तो काकू घेते. पूर्वी आजी घेत असे.

निर्णय झाला की कोणाला काही सांगावे लागत नाही. बायका दाढीत बसून तरवा काढतात, मुळांची माती पाण्यात झाडून मुठी बांधतात. काका मेरेवर, म्हणजे कुणग्याच्या बांधावर, फिरून खेकड्यांनी पाडलेली बिळे चिखलाने बुजवतात, कारण एक बीळ उघडे राहिले तर रात्रीतून कुणगा कोरडा होतो. चुलत भाऊ चिखलणी करतो. त्याच्या वडिलांच्या हाती जोत असे, याच्या हाती पॉवर टिलर आहे. फळी फिरवून चिखल सपाट झाला की मुले मुठी वाहून आणतात आणि लावणाऱ्यांच्या मागे, हात पोहोचेल अशा अंतराने, टाकत जातात. हे टाकणे दिसते तितके सोपे नाही. मुठी दाट पडल्या तर पाय अडखळतात, विरळ पडल्या तर ओणव्याने काम करणारीला कंबर सरळ करून मागे जावे लागते. लहानपणी आम्हाला याच कारणासाठी सर्वांत जास्त बोलणी बसत.

लावणीत बायका एका ओळीत ओणव्या उभ्या राहून मागे सरकत जातात. एका चुडात दोन-तीन रोपे, खोली दोन-तीन सेंटिमीटर, एवढेच त्याचे शास्त्र आहे, पण तेवढे हातात बसायला काही हंगाम जातात. रोप खोल गेले तर फुटवे फुटायला वेळ लागतो, उथळ राहिले तर पहिल्याच जोरदार सरीत तरंगू लागते. नवशिकीला दोन जाणत्या बायकांच्या मध्ये उभे करतात, म्हणजे तिचा वेग दोन्हीकडून ओढला जातो आणि वाकडी ओळ लगेच ध्यानात येते. तिला मेरेच्या बाजूला सहसा ठेवत नाहीत. त्याचे एक कारण असेही आहे की मेरेवरून जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून तिच्या ओळीवर आपले मत देऊन जातो!

या कामाची वाटणी न्याय्य आहे असे मला वाटत नाही. नांगरणी आणि चिखलणी हे पुरुषांचे काम, लावणी हे बायकांचे, असा रिवाज आहे. त्यांतले पहिले काम यंत्राने हलके झाले, दुसरे अजूनही दिवसभर ओणवे राहूनच होते. बैल गेले, टिलर आला आणि चुलत भावाचे काम आठवड्यावरून दोन दिवसांवर आले. काकूच्या आणि वहिनीच्या कमरेला मात्र त्याने काही विश्रांती मिळाली नाही. उलट चिखलणी भराभर होऊ लागल्यामुळे लावणारीमागे घाई लागली. भाऊ स्वतः आता लावणीला उभा राहतो. पहिल्या वर्षी वाडीत त्याची थट्टा झाली, नंतर आणखी दोन घरांतले तरुण चिखलात उतरले आणि थट्टा आपोआप थांबली.

एका घराच्या हातांनी लावणी पुरी होत नाही, म्हणून सावड असते. आज त्यांची माणसे आमच्याकडे, उद्या आमची त्यांच्याकडे, दिवसाला दिवस. याची कोठे नोंद नसते, पण कोणाचा किती दिवस फिरायचा आहे हे सर्वांना पाठ असते आणि आमच्या वाडीत मोठ्या मुलाचा दिवस अर्धा धरत. सावडीचे बाहेरून फार कौतुक होते. मला त्यातला एक कठोर भागही दिसतो. ज्या घरात आजारपण आहे किंवा एकटीच बाई आहे, ते घर दिवस फेडू शकत नाही आणि मग हळूहळू त्या घराला सावडीत बोलावले जात नाही. अशा घरांचे कुणगे सर्वांत आधी पडीक पडले. एक कुणगा पडीक पडला की तेथे झाडोरा वाढतो, झाडोऱ्यात रानडुकरे बसतात आणि शेजारच्याच्या भाताची नासाडी सुरू होते, मग तोही पुढच्या वर्षी हात आखडतो.

चिखलातल्या कामाची आणखी एक बाजू म्हणजे लेप्टो, म्हणजेच लेप्टोस्पायरोसिस हा ताप. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात गेलेले जिवाणू पायांच्या भेगांतून व जखमांतून शरीरात शिरतात आणि सिंधुदुर्गाने या तापाच्या साथी पाहिल्या आहेत. आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात, त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्याव्यात आणि लावणीच्या दिवसांतला ताप अंगावर काढू नये, यापलीकडे मी काही सांगण्याची गरज नाही. आमच्या घरी पायाला जखम असलेल्या माणसाला चिखलात उतरू न देता स्वयंपाकघरात पाठवण्याचा नियम आहे. तो पुरुषांनाही लागू आहे, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

बेणणी, म्हणजे तण काढणे, गणपतीपूर्वी उरकते. तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ती कंटाळवाणी असते आणि ती करावी लागते.

मधल्या काळात घराची रचना बदलली. आमच्या पिढीतले बहुतेक जण मुंबई, ठाणे, पुणे येथे गेले आणि गावात काका, काकू, चुलत भाऊ आणि वहिनी एवढेच राहिले. लावणीसाठी आम्ही शनिवार-रविवारला जोडून रजा घेऊन येऊ लागलो आणि कापणीसाठी दिवाळीची सुट्टी. म्हणजे पूर्वी महिना-दीड महिना पसरलेले काम आता रजेच्या दिवसांत बसवायचे होते. त्यावर घरात एक सोयीचा उपाय निघाला. तीन जाती कशाला, सगळीकडे एकच निमगरवी जात लावू, म्हणजे सगळे एकाच वेळी पिकेल आणि दिवाळीत सगळे मिळून कापून टाकू. हळवे गेले, गरवे गेले. भरडीवर उत्पन्न कमी आले आणि मळ्यातले भात लोळू लागले, पण काम सुट्टीत बसले आणि काही वर्षे ते चांगले चालले. दिवाळीत घर भरलेले असे आणि कुणग्यांत तीन पिढ्या एका रांगेत विळा चालवत असत. त्या दिवसांची छायाचित्रे आजही आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरतात.

2019 मध्ये दिवाळी 27 ऑक्टोबरला होती आणि नेमके त्याच सुमारास अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठले. वादळ किनाऱ्यावर आले नाही, ते खोल समुद्रात निघून गेले, तरी त्याच्या पावसाने कोकणातले कापणीला आलेले भात झोपवले. आमचे सगळे भात त्या आठवड्यात एकाच अवस्थेत होते. काही कापून कुणग्यातच वाळत पडले होते, काही उभे होते. कापलेल्या भाताला पाण्यात कोंब आले. वाडीत ज्या एक-दोन घरांनी हळवे भात सोडले नव्हते, त्यांचे अर्धे धान्य तोवर घरात पोहोचले होते आणि मळ्यातले गरवे अजून पुरते पिकायचे असल्यामुळे तेही बऱ्यापैकी वाचले. त्यांच्याही घरची माणसे मुंबईलाच होती. फरक एवढाच, की त्यांनी हंगाम एका सुट्टीवर टेकवला नव्हता.

त्यानंतर भरडीवर पुन्हा हळवे भात आले. ते दसऱ्याच्या आसपास पिकते, तेव्हा आमच्यापैकी फार जण येऊ शकत नाहीत. म्हणून हळवे क्षेत्र मुद्दाम तेवढेच ठेवले आहे, जेवढे गावातली चार माणसे आणि सावड मिळून कापू शकतील. निमगरवे दिवाळीसाठी राखले आणि मळ्यात गरवे भात किती ठेवायचे यावर दरवर्षी वाद होतो. थोडक्यात, आजीचा हिशेब परत आला, फक्त त्यात कोणाची किती रजा शिल्लक आहे हा एक नवा रकाना वाढला.

कापणीत दातेरी वैभव विळ्याने बराच फरक पडला. बुंध्याजवळ कापता येते, हिसका कमी बसतो आणि दाणे कमी झडतात. फुलोऱ्यानंतर साधारण 30 दिवसांनी, लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले की कापणी करावी. त्याहून थांबले तर दाणे शेतातच गळतात. पेंढ्या बांधून खळ्यात आणणे हे ज्यांची पाठ धड आहे त्यांचे काम, झोडणी तरुणांचे, आणि सूप घेऊन वारवणे काकूचे. वाऱ्याची दिशा पाहून कोठे उभे राहायचे हे तिला जितके समजते, तितके घरात दुसऱ्या कोणाला समजत नाही. आता पायाने चालवायचे मळणी यंत्र आहे. त्यावर मुलांची झुंबड उडते, पण पेंढी हातात घट्ट धरण्याचे बळ लागते म्हणून लहानांना तेथे उभे करत नाहीत. त्यांना पेंढा उचलून उडवीकडे, म्हणजे पेंढ्याच्या गंजीकडे, नेण्याचे काम मिळते आणि ते त्यांना कमीपणाचे वाटते. आम्हालाही वाटत असे.

वाळवणीच्या बाबतीत घरातले एकमत कधी झालेले मला आठवत नाही. साठवणुकीच्या भातात ओलावा 12 ते 14 टक्क्यांवर आणावा लागतो, नाहीतर बुरशी व कीड लागते. पण कडक उन्हात भराभर वाळवले तर दाण्याला आतून तडे जातात आणि गिरणीत अख्ख्या तांदळाऐवजी कणी हाती येते. काका म्हणतात तीन उन्हे पुरे, काकू दाणा दाताखाली धरते आणि तो कसा तुटतो त्यावरून ठरवते. भावाने ओलावा मोजण्याचे एक छोटे यंत्र आणले आहे. यंत्राचा आकडा आणि काकूचा दात यांचे बहुधा जमते, पण जेव्हा जमत नाही तेव्हा घरातले सगळे दाताच्या बाजूने उभे राहतात.

बियाण्याचे भात काका अजूनही पेंढ्याच्या मुडीत बांधतात. मुडी बांधणे ही कौशल्याची गोष्ट आहे. पेंढा पसरून त्यात भात भरत जायचे आणि वरून पेंढ्याच्याच दोरीने आवळत आणायचे, की आत हवाही पुरेशी राहावी आणि किडीला वाटही मिळू नये. घरात हे दुसऱ्या कोणाला येत नाही. आम्ही सगळ्यांनी त्याचे चित्रीकरण केले आहे, शिकले मात्र कोणी नाही. बाकीचे भात कणगीऐवजी प्लास्टिकच्या पिंपांत जाते.

एवढ्या सगळ्या कष्टांचा पैशांत हिशेब मांडता येतो का, असा प्रश्न मुंबईतले स्नेही विचारतात. केंद्र सरकारचा कृषिमूल्य आयोग तो दरवर्षी मांडतो. बी-बियाणे, खते, मजुरी असा प्रत्यक्ष केलेला खर्च म्हणजे ए2. त्यात घरच्या माणसांच्या, पैसे न दिलेल्या मेहनतीची किंमत मिळवली की ए2 अधिक एफएल होते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले की सी2. सध्याचा हमीभाव ए2 अधिक एफएल या खर्चाच्या किमान दीडपट ठेवला जातो. 2024-25 च्या खरिपात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. आमचे भात घरीच खाल्ले जाते, विकायला जातच नाही, त्यामुळे या आकड्याचा आमच्या खिशाशी संबंध नाही. तरी मी तो हिशेब एकदा आमच्या कुणग्यांपुरता कागदावर मांडला. मजुरी धरली तर तांदूळ बाजारातून आणणे स्वस्त पडते, हे अगदी स्पष्ट दिसले. काकूने तो कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, की कोणत्या दिवशी कुठे जायचे हे ठरवण्याचे पैसे यात कुठे आहेत? आयोगाच्या परिभाषेत त्यालाही जागा आहे. शेतकऱ्याच्या व्यवस्थापनापोटी दहा टक्के धरून सी3 नावाचा खर्च काढतात. पण हमीभाव त्यावर ठरत नाही आणि सातबाऱ्यावर आजोबांची व काकांची नावे आहेत, काकूचे नाही. सातबाऱ्याचा हा विषय मी घरात काढला आहे आणि काकांनी तलाठ्याकडे जाऊन चौकशी करण्याचे कबूल केले आहे.

यंदाच्या आखणीत दोन गोष्टी नव्या आहेत. मधल्या दोन कुणग्यांत चारसूत्री पद्धतीने नियंत्रित लावणी करायची ठरले आहे, म्हणजे 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आळीपाळीच्या अंतरावर खुणा केलेली दोरी ताणून लावायचे आणि चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. यात दोरीची दोन टोके धरायला दोन माणसे लागतात आणि गोळ्या खोचायला आणखी दोन. मुलांनी ही चारही कामे आपापसांत आधीच वाटून घेतली आहेत. दुसरी गोष्ट अजून निकाली निघालेली नाही. भावाला मळ्यात रोपे लावण्याऐवजी मोड आलेले बियाणे ड्रम सीडरने थेट पेरून पाहायचे आहे, म्हणजे तरवा काढणे आणि लावणी दोन्ही वाचतील. काकूचे म्हणणे असे की लावणी वाचेल हे खरे, पण तण भाताबरोबरच उगवेल आणि बेणणी दुप्पट होईल, आणि बेणणीला रजा घेऊन येणारा मुंबईत कोणी नाही. वहिनीने मळ्याच्या एका कोपऱ्यात करून पाहण्याची सूचना केली आहे. बियाणे भिजत घालण्यापूर्वी यावर घरात निर्णय व्हायचा आहे.